पेटीवाल्याची नजर

कुडाळजवळच्या एका गावच्या जत्रेत रात्रभर दशावतार पाहिला, त्याला आता पंधरा वर्षं होतील. अर्धी रात्र मी नाटकाऐवजी पेटीवाल्याकडेच बघत होतो. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. राजा किती बोलेल, राक्षस केव्हा उठेल, हे आधी कोणालाच ठाऊक नसतं. पण राक्षस बाकड्यावरून उठू लागला की पायपेटीचा सूर बदलायचा, मृदंगावर थाप पडायची आणि झांज नेमकी त्याच मात्रेवर खणकायची. पेटीवाल्याची बोटं पट्ट्यांवर होती, नजर मात्र नटाच्या पायांवर.

व्हिडिओ गेमच्या संगीताचा नाद मला पंचवीस वर्षांपासून आहे. त्यातला सगळ्यात अवघड प्रश्न त्या रात्री लख्ख कळला: ध्वनिमुद्रित संगीताला ही नजर द्यायची कशी? सिनेमातला प्रसंग किती मिनिटांचा, हे संगीतकाराला माहीत असतं. गेममध्ये खेळणारा दाराशी दोन सेकंद थांबेल, नाहीतर खेळ तसाच ठेवून चहा करायला जाईल.

मागचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये चार उतरते स्वर होते. शत्रू जवळ येत तसे ते जलद होत. १९८३ मध्ये मिडी आलं, म्हणजे कोणता स्वर कधी आणि किती जोरात वाजवायचा याच्या सूचना. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये वेळ संपत आली की कोजी कोंदो यांची चाल धावू लागते. या सगळ्यात यंत्र जागेवर स्वर वाजवत होतं, त्यामुळे लय बदलायला काहीच खर्च पडत नव्हता.

त्या पद्धतीचा कळस म्हणजे आयम्यूज. लुकासआर्ट्समधल्या मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी ही यंत्रणा बनवली आणि १९९१ च्या ‘मंकी आयलंड २’मध्ये ती ऐकू आली. त्यात जुन्या जहाजांच्या सांगाड्यांमध्ये वसलेलं वुडटिक नावाचं गाव आहे. एखाद्या दारातून आत गेलं की गावाचीच चाल त्या जागेचा रंग घेते. बाहेर आलं की छोटासा दुवा वाजतो आणि मूळ चाल परत येते. कुठेही सांधा दिसत नाही. मी कित्येक संध्याकाळी तिथे फक्त आत-बाहेर करण्यात घालवल्या आहेत.

मग सीडी आली. खरी वाद्यं, खरा श्वास, खरी खोली ऐकू येऊ लागली आणि संगीताची नजर गेली. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज सेकंदाला १,७६,४०० बाइट खातो. पहिल्या प्लेस्टेशनमध्ये आवाजासाठी ५१२ किलोबाइट स्मृती होती. न दाबलेला असा आवाज तिच्यात जेमतेम तीन सेकंद मावला असता. थेट सीडीवरून वाजवावं, तर लेसर एकच. तो गाणं वाजवत असेल तर खेळाची माहिती कोण वाचणार? गाणं संपून पुन्हा सुरू होताना लेसर उडी मारायचा आणि मधे शांतता पसरायची.

लय बदलणंही महाग झालं. रेकॉर्डिंग नुसतं जलद केलं तर काळी एकचा गवय्या काळी दोनला जातो. सूर राखून लय वाढवावी, तर तबल्याच्या बोलांची धार जाते, ‘ना’ फुटल्यासारखा ऐकू येतो. एक चाल हळूहळू कमी करत दुसरी वाढवावी, तर दोन-तीन सेकंद दोन पट्ट्या आणि दोन ठेके एकमेकांत भांडतात.

२०१० च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन’मध्ये बिल एल्म आणि वुडी जॅक्सन यांनी यावर साधा उपाय केला. बहुतेक सगळं संगीत एकाच पट्टीत, ए मायनरमध्ये, आणि मिनिटाला १३० ठोक्यांच्या एकाच लयीत बांधलं, वाद्यं वेगवेगळी मुद्रित केली. म्हणजे कोणताही थर कधीही चढवा किंवा उतरवा, तो बेसूर होत नाही. एकच राग, एकच ठेका धरून अख्खी रात्र रंगवण्यासारखं हे काम आहे. बंधन स्वतःहून घालून घेतलं, म्हणून मोकळीक मिळाली. मला ते फार मोठं वाटतं.

पण माझा खरा जीव अडकलाय तो आवाजाच्या शेपटात. वाद्य वाजून झाल्यावरही आवाज संपत नाही. तानपुऱ्याची तार झंकारत राहते, बायाचा ‘घे’ घुमतो, खोली स्वतःचा थोडा आवाज मिसळते. पुण्यात काही मित्रांच्या छोट्या गेमसाठी मी तबला-तानपुऱ्याचं एक आवर्तन मुद्रित करून घेतलं आणि सोळाव्या मात्रेनंतर बरोबर कापलं. मोजमाप अचूक होतं. तरी दर फेरीला समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, कोणीतरी दार आपटल्यासारखं वाटायचं. कारण घुमारा कापला गेला होता आणि पहिला ‘धा’ अगदी कोरड्या शांततेतून येत होता. वर फाइल एमपीथ्रीत दाबलेली. हा प्रकार आवाज ११५२ नमुन्यांच्या तुकड्यांत बांधतो आणि सुरुवातीला-शेवटी थोडी शांतता चिकटवतो. एक तुकडा सेकंदाच्या जवळपास चाळिसाव्या भागाएवढा असतो, पण ठेका अडखळला की कानाला तेवढंही टोचतं.

इलाज सोपा निघाला. दोन आवर्तनं सलग वाजवून घ्यायची आणि दुसरं कापून वापरायचं, म्हणजे त्याच्या समेत आधीच्या आवर्तनाचा घुमारा आपोआप येतो. चाल बदलायची असेल तर जुनं रेकॉर्डिंग समेवर तोडायचं नाही. नवं सुरू करायचं आणि जुन्याचं शेपूट त्याच्याखाली विरू द्यायचं. वाइज आणि एफमॉड या आजच्या साधनांत अशी सोय असते. पण ते शेपूट स्टुडिओत वाजवून घेतलेलं हवं. वादकाने हात उचलल्यावर कोणी खुर्ची सरकवली की संपलं.

नवी चाल समेवरच लागायची, म्हणून उरला प्रश्न वाट पाहण्याचा. मिनिटाला १२० मात्रांच्या तीनतालात सोळा मात्रांचं आवर्तन आठ सेकंदांचं असतं. खेळणाऱ्याने दार उघडलं आणि संगीत आठ सेकंद गप्प राहिलं, तर ते बहिरं वाटतं. मी हे आमच्या तबलजी काकांना सांगितलं.

“दार उघडणार केव्हा?”

“तेच तर ठाऊक नाही, काका.”

ते क्षणभर बोटांवर मोजत बसले. “मग चार तिहाया घे. एक समेपासून, एक पाचव्या मात्रेपासून, एक नवव्या, एक तेराव्या. कुठूनही उचल, समेवरच येशील.”

एवढंच करायचं होतं. दार उघडलं की प्रोग्रॅम पुढच्या विभागाची वाट पाहतो, फार तर दोन सेकंद, आणि तिथली तिहाई, म्हणजे तीनदा वाजून समेवर संपणारा बोल, सुरू करतो. सम दूर असली तरी उत्तर लगेच मिळतं. शेकडो वर्षांपूर्वी मैफलीने सोडवलेलं कोडं मी संगणकात शोधत होतो. आपल्याकडे गेम बनवणाऱ्या मुलामुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे: साधनं शिकाच, पण आधी एखाद्या साथीदाराशेजारी बसा.

पहिल्या चाचणीला काका शेजारी होते. मी मुद्दाम दहाव्या मात्रेवर दार उघडलं. अकरा, बारा गेल्या, तेराव्यापासून तिहाई निघाली. काकांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. सम आली, नवी चाल लागली, तिच्याखाली बायाचा घुमारा सावकाश विरत गेला, आणि काकांची मान डोलली.