सापाच्या लसीचा हिशेब

ग्रामीण रुग्णालयाचं औषधभांडार मी सांभाळतो. साठा किती ठेवायचा, हे नुसत्या खपावरून ठरत नाही. तापाच्या गोळ्या रोज जातात. संपल्या तरी बाजारात मिळतात. सर्पदंशाची लस महिनोन्‌महिने पडून राहते. पण नाग, मण्यार, घोणस किंवा फुरशाची विषबाधा झाली, की सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागतात. कपाटातल्या ४ कुप्या एका रुग्णालाही अपुऱ्या! म्हणून नवा माल येईपर्यंत किती रुग्ण येतील, हा हिशेब करून पावसाळ्याआधीच मागणी पाठवतो. आधी मुदत संपणाऱ्या कुप्या पुढे ठेवतो, नव्या मागे. मध्यरात्री शेतकऱ्याला घेऊन जीप येते, तेव्हा नोंदवहीतला आकडा कपाटाशी जुळायलाच हवा.