रंग फसवतो, शुंडके सांगतात

घरातल्या समुद्री टँकमध्ये नवा खडक ठेवला की काही आठवड्यांनी त्यावर कधी कधी न मागवलेला जीव उगवतो. तो ओळखताना बहुतेक हौशी आधी रंग पाहतात, आणि तिथेच चकतात. तो प्रवाळ असेल, तर त्याचा तपकिरी रंग मुख्यतः त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो, हिरवी-केशरी चमक त्याच्या प्रथिनांची. दिवे बदलले की हे दोन्ही बदलू शकतं.

पाहायचा तो आकार. खाली चुन्याचा कडक सांगाडा आहे का? शुंडकांची टोकं कशी आहेत? हॅमर आणि फ्रॉगस्पॉन या लोकप्रिय प्रवाळांचे सांगाडे इतके सारखे, की तज्ज्ञही जिवंत शुंडके पाहूनच निर्णय देतात. २०१७मध्ये दोघांना युफिलिया प्रजातीतून काढून फिम्ब्रियाफायलियात घातलं गेलं. टॉर्च नावाचं प्रवाळ मात्र युफिलियातच राहिलं. ओळख शुंडकांवरून पटते, म्हणून त्यांचा चांगला जवळून काढलेला फोटो, तोही पांढऱ्या प्रकाशात, फार मोलाचा.

नाव कळेपर्यंतही काळजी घेता येते. तो जीव मंद प्रकाशात, शेजाऱ्यांपासून वीतभर तरी लांब ठेवावा. गॅलेक्सियासारखी प्रवाळं रात्री लांबलचक शुंडके सोडून शेजाऱ्याला डंख मारतात. पाणी २५-२६ अंशांवर, क्षार लिटरला सुमारे ३५ ग्रॅम, कॅल्शियम ४२० मिलिग्रॅमच्या आसपास. हे आकडे स्थिर राहणं सगळ्यात महत्त्वाचं. सगळी प्रवाळं प्रकाशावर जगत नाहीत, हेही ध्यानात हवं. ट्यूबास्ट्रिया, म्हणजे सन कोरल, याच्यात शैवाल नसतं. पॉलिपांना भरवलं नाही, तर लख्ख उजेडातही ते उपाशी मरतं.

नवा तुकडा थेट समुद्रातून आणायचा विचार मात्र नको. भारतात कडक सांगाड्याची प्रवाळं २००१पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या पाण्यातून एखादा तुकडा हौसेखातर उचलणं हा गुन्हाच.

टँकमधल्या खडकावर सांगाडा नसलेली, बटणांसारख्या चकत्यांची वसाहत दिसली, तर मात्र हात मागे घ्यावा. ती झोअँथिड असू शकते. १९७१मध्ये हवाईत पॅलिथोआ या झोअँथिडापासून वेगळं केलेलं पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप बिघडवतं. असा खडक उकळत्या पाण्यात टाकून साफ करू नये. वाफेबरोबर विष श्वासात जाऊन घरभर माणसं आजारी पडल्याची उदाहरणं आहेत. हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करावं. नंतर ताप, खोकला किंवा डोळ्यांची आग झाली, तर डॉक्टरांना टँकबद्दल आधी सांगावं.