दोन रेडिओंच्या मधला माणूस

पुण्याहून विमानानं जाणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. सगळे बसले, दार लागलं, पट्टे बांधून झाले, आणि विमान काही जागचं हलत नाही. मग कॅप्टन सांगतो, हवाई दलाची उड्डाणं चालू आहेत, थोडं थांबावं लागेल. खिडकीतून करडी सुखोई विमानं जोडीनं धावपट्टीकडं जाताना दिसतात. फोटो काढू नका अशी तंबी आधीच मिळालेली असते. मग ‘या डिफेन्सवाल्यांमुळं’ अशी सुरू होणारी वाक्यं दोन-तीन रांगांतून ऐकू येतात. सुखोईला ‘जा’ म्हणणारा आणि आपल्या एअरबसला ‘थांबा’ म्हणणारा माणूस एकच आहे, हे त्या रांगांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. लोहगावला टर्मिनल एअरपोर्ट्स अथॉरिटीचं. धावपट्टी आणि टॉवर हवाई दलाचे. मुंबईत हे काम अथॉरिटीचे नागरी कंट्रोलर करतात. पुण्यात ते गणवेशातला अधिकारी करतो.

असे तळ देशात बरेच आहेत. श्रीनगर, लेह, जोधपूर, जामनगर, ग्वाल्हेर, बागडोगरा इथं हवाई दल. गोव्यात दाबोळीला आणि विशाखापट्टणमला नौदल. लोहगावचा तळ ब्रिटिशांनी १९३९ मध्ये मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी उभारला. सुखोई-३० विमानं भारतात आली तीही १९९७ मध्ये आधी इथंच. धावपट्टी एकच, अडीच किलोमीटरच्या जरा पुढची. सारी गुंतागुंत त्या एका पट्टीवर येऊन पडते.

गुंतागुंत कसली, ते नीट पाहायला हवं. प्रवासी विमान उतरायला येतं ते सरळ रेषेत. आठ-दहा मैलांवरून ते धावपट्टीच्या रोखानं येऊ लागतं आणि आयएलएस या यंत्रणेच्या अदृश्य उतारावरून सावकाश खाली सरकतं. त्याला वाटेत वळवणं म्हणजे सगळा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून. लढाऊ विमानांची रीत निराळी. ती दोन किंवा चारच्या जोडणीत, वेगात, थेट धावपट्टीच्या डोक्यावर येतात. तिथून एकेक विमान झटक्यात वळून बाहेर पडतं, वर्तुळ पुरं करतं आणि ठराविक अंतरानं खाली टेकतं. सुखोई उतरल्यावर शेपटीतून वेग कमी करणारं पॅराशूट सोडतं, आणि ते पॅराशूट पट्टीवर पडलं तर कुणीतरी जाऊन उचलेपर्यंत पुढचं विमान उतरू शकत नाही. शिवाय लढाऊ विमान परत येतं तेव्हा त्याच्या टाकीत प्रवासी विमानासारखी ऐसपैस शिल्लक नसते. घाटात एसटी आणि शर्यतीची मोटारसायकल एकाच मार्गिकेतून न्यायची, दोघांनाही ब्रेक नाही, असं काहीसं ते काम आहे.

खरी मेख रेडिओत आहे. नागरी विमानं व्हीएचएफवर बोलतात, म्हणजे ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. लष्करी विमानांचा मुख्य पट्टा यूएचएफ, २२५ च्या वरचा. एकाच पट्ट्यावर असलेले वैमानिक एकमेकांचं बोलणं ऐकत असतात आणि त्यावरून आपल्या आजूबाजूला कोण आहे याचा अंदाज बांधतात. मुंबईच्या आभाळात वैमानिकांना हा आधार सतत असतो. सरमिसळ तळावर इंडिगोच्या कॅप्टनला टॉवरचा आवाज ऐकू येतो, पण सुखोईनं टॉवरला दिलेलं उत्तर बहुतेकदा ऐकू येत नाही. सुखोईचंही तेच. दोन्ही बाजूंचं बोलणं ऐकणारी व्यक्ती पंचक्रोशीत एकच, काचेच्या खोलीतली. तिनं एकाला सांगितलं नाही तर दुसऱ्याचं अस्तित्व पहिल्याला कळायचा मार्ग फार अरुंद असतो.

मोजमापांचीही हीच तऱ्हा. नागरी विमानं उंची फुटांत आणि वेग नॉटमध्ये सांगतात. रशियन बनावटीच्या विमानांत परंपरेनं उंची मीटरमध्ये आणि वेग ताशी किलोमीटरमध्ये. जुन्या लष्करी पद्धतीत वैमानिकाला धावपट्टीवरचा हवेचा दाब देतात, म्हणजे चाकं टेकली की उंचीमापक शून्य दाखवतो. नागरी वैमानिकाला समुद्रसपाटीचा दाब देतात. लोहगावची पट्टी समुद्रसपाटीपासून १,९४२ फुटांवर आहे. तेव्हा या दोन पद्धतींनी बोलणारी दोन विमानं एकाच उंचीवर असली, तरी त्यांचे आकडे जवळजवळ दोन हजार फुटांनी वेगळे येतील. रडारवर एकमेकांच्या वर-खाली असलेल्या विमानांत किमान हजार फुटांचं अंतर राखायचं असतं, हे लक्षात घेतलं की या बेरीज-वजाबाकीत झोपेची डुलकी का परवडत नाही ते समजतं.

या कामासाठी माणूस तयार कसा होतो? सुरुवात इतर अधिकाऱ्यांसारखीच. एनडीए किंवा एएफकॅट, मग निवड मंडळासमोरचे पाच दिवस, वैद्यकीय तपासणी, आणि हैदराबादजवळ दुंडिगलची हवाई दल अकादमी. हवाई दलात एअर ट्रॅफिक कंट्रोलर प्रशासन शाखेत मोडतो. त्यामुळं पुढं तळावर त्याच्या वाट्याला मेसचा हिशोब, परेड, चौकशी समित्या हेही येतं. नागरी कंट्रोलरला हा जाच नाही. हवाई दलानं जमिनीवरच्या शाखांत स्त्रियांना १९९३ पासून घेतलं आणि नौदलानंही एअर ट्रॅफिक कंट्रोलची शाखा त्यांच्यासाठी लवकर उघडली. लष्करी टॉवरमधला बाईचा आवाज ही आता कुणाला नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

वर्गातले विषय रुक्ष वाटतात: हवामान, दिशादर्शन, रडार, विमानांच्या जाती आणि त्यांच्या क्षमता, शोध आणि बचाव. जड विमानामागं हवेत भोवरे राहतात, म्हणून बोईंग-७७७ सारख्या विमानापाठोपाठ मध्यम आकाराचं विमान आणायचं तर रडारवर पाच मैल सोडायचे, अशी कोष्टकं तोंडपाठ करावी लागतात. खरी घडण मात्र भाषेची होते. घरी मराठी, तमिळ किंवा हरियाणवी बोलणारी पोरं इथं अशी इंग्रजी शिकतात, जी कुठल्याच इंग्रजाची नाही. नऊला ‘नायनर’, पाचाला ‘फाइफ’, तिनाला ‘ट्री’. खरखरीतही चुकीचा आकडा ऐकू जाऊ नये म्हणून. ‘टेक-ऑफ’ हा शब्द फक्त प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं. या नियमामागं टेनेरिफ आहे. १९७७ मध्ये तिथल्या धुक्यात दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. परवानगी मिळाली असं एका वैमानिकाला वाटलं होतं, ती मिळालेली नव्हती. म्हणून वैमानिकानं सूचना जशीच्या तशी परत म्हणायची आणि कंट्रोलरनं ती कान देऊन ऐकायची. मान डोलावून ‘हो हो’ म्हणायची आपली सवय इथं सक्तीनं मोडली जाते.

मग सिम्युलेटर. चहूबाजूंना पडद्यावर खोटा विमानतळ आणि शेजारच्या खोलीत बसून खोटे वैमानिक झालेले सहकारी. त्यांना प्रशिक्षकाची छुपी फूस असते: आता याचं इंजिन बंद पाड, आता त्याचा रेडिओ. रेडिओ गेलेलं विमान ट्रान्सपाँडरवर ७६०० हा आकडा लावतं, इतर कुठल्याही संकटात ७७००, अपहरण झालं तर ७५००. रेडिओ गेलेल्यासाठी टॉवरमध्ये आजही प्रकाशझोताची बंदूक असते. हवेतल्या विमानाला स्थिर हिरवा म्हणजे उतरा. लुकलुकता लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका.

लष्करी कंट्रोलरकडं आणखी एक कला असते, जी नागरी जगातून जवळजवळ गेली. तिचं नाव टॉक-डाउन. प्रिसिजन अप्रोच रडारवर उतरत्या विमानाची दिशा आणि उतार दोन्ही दिसतात. दाट ढगात अडकलेल्या वैमानिकाला कंट्रोलर नुसत्या आवाजानं खाली आणतो: किंचित डावीकडं, उतारावर आहात, थोडे वर आहात. शेवटच्या टप्प्यात वैमानिकाला उत्तर द्यायची मनाई असते, त्यानं फक्त ऐकायचं. कंट्रोलर काही सेकंदांपेक्षा जास्त गप्प राहिला, तर दुवा तुटला असं समजून वैमानिक वर निघून जातो. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धात लुइस अल्वारेझ या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं काढली. त्याला पुढं १९६८ चं नोबेल मिळालं, ते वेगळ्या कामासाठी. ब्रिटिश हवाई दलात या यंत्रावर काम केलेल्या एका तरुण अधिकाऱ्यानं नंतर त्यावर कादंबरी लिहिली. तो आर्थर सी. क्लार्क. १९४८-४९ मध्ये बर्लिनची नाकेबंदी झाली, तेव्हा कोळसा आणि पीठ घेऊन येणारी विमानं भर थंडीत, धुक्यात याच आवाजांच्या भरवशावर उतरत होती. आयएलएस आल्यावर प्रवासी विमानांना याची गरज उरली नाही. लष्कराला उरली, कारण विमानात कुठलं उपकरण चालू राहील याची युद्धात शाश्वती नसते. माझ्या मते या पेशातलं सर्वांत अवघड काम हेच.

हवाई दलात कंट्रोलर म्हटलं की आणखी एक जात डोळ्यांसमोर येते, फायटर कंट्रोलर. दोघांच्या पडद्यांवर ठिपके सारखेच दिसतात, काम मात्र अगदी उलटं. ट्रॅफिक कंट्रोलर विमानांना एकमेकांपासून दूर ठेवतो. फायटर कंट्रोलर आपल्या विमानाला शत्रूच्या विमानापर्यंत नेऊन पोचवतो. २७ फेब्रुवारी २०१९ च्या हवाई चकमकीतल्या कामासाठी स्क्वाड्रन लीडर मिंटी अग्रवाल यांना युद्ध सेवा पदक मिळालं, त्या फायटर कंट्रोलर. हे पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. ट्रॅफिक कंट्रोलरच्या वाट्याला असं काही येणं कठीण. त्याचं काम चोख झालं तर काहीच घडत नाही, आणि काही न घडल्याबद्दल पदक द्यायची सोय नाही.

घडतं तेव्हा काय होतं ते १२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर दिसलं. दिल्लीहून निघालेलं सौदी अरेबियाचं जंबो आणि दिल्लीकडं येणारं कझाकस्तानचं इल्युशिन हवेत धडकली, ३४९ माणसं गेली. कझाक विमान ठरलेल्या १५ हजार फुटांच्या खाली उतरलं, हे तात्कालिक कारण. पण मुळात येणारी आणि जाणारी विमानं एकाच अरुंद वाटेनं का ये-जा करत होती? कारण दिल्लीभोवतीचा मोठा पट्टा लष्करासाठी राखीव होता. नागरी कंट्रोलरच्या रडारवर विमानांची उंचीही दिसत नव्हती. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर वाटा वेगळ्या झाल्या, रडार बदललं. तरी २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनी सांगितलं ते असं की, भारताचं फक्त ६० टक्के आकाश नागरी विमानांना मोकळं आहे. उरलेलं गरजेनुसार उघडायचं-मिटायचं, असा प्रयत्न आता चालू आहे, आणि त्या उघडमिटीचा रोजचा व्यवहार दोन्हीकडच्या कंट्रोलरांच्या फोनवर चालतो.

जमिनीवरची विघ्नं वेगळीच. लोहगावला घारी आहेत, कुत्री आहेत, २०२५ मध्ये तर विमानतळाच्या आवारात बिबट्या दिसला. १५ फेब्रुवारी २०२० च्या सकाळी दिल्लीला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाच्या वैमानिकाला भर वेगात असताना पट्टीवर जीप आणि माणूस दिसला. त्यानं विमान वेळेआधी उचललं, शेपूट घासली. दिल्लीला ते सुखरूप उतरलं. एखाद्या लढाऊ विमानाचं टायर फुटलं की ते ओढून नेईपर्यंत पट्टी बंद, आणि वर घिरट्या घालणाऱ्या प्रत्येक विमानाला इंधन विचारून कुणाला मुंबईला पाठवायचं हे ठरवणं कंट्रोलरच्या अंगावर. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये डागडुजीसाठी पट्टी दोन आठवडे पूर्ण बंद होती. तेव्हा पुणेकरांना उमगलं की दुसरी पट्टी नाहीच.

गोव्यात हाच संसार नौदलानं मांडला. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगिजांच्या वेळचा. नौदलाचा आयएनएस हंसा हा तळ तिथं १९६४ मध्ये आला. वर्षानुवर्षं आठवड्यातले पाच दिवस सकाळचे काही तास नौदलाच्या सरावासाठी राखीव असत, आणि चार्टर विमानानं आलेल्या पर्यटकांना त्याभोवती बसवावं लागे. जानेवारी २०१८ मध्ये सरावातलं एक मिग-२९के पट्टीवरून घसरून पेटलं. वैमानिक वाचला, नागरी उड्डाणं खोळंबली. जानेवारी २०२३ पासून गोव्यातल्याच मोपाच्या नव्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली, पण दाबोळी बंद झालं नाही. तिथं प्रवासी विमान आजही नौदलाच्याच परवानगीनं उतरतं.

पुण्यासाठी ठरलेला पुरंदरचा नवा विमानतळ होईल तेव्हा होईल. तोवर ‘डिफेन्सवाल्यांमुळं’ ही तक्रार चुकीच्या पत्त्यावर जात राहणार. उशीर होतो तो एका पट्टीवर दोन गरजा लादल्यामुळं, आणि त्या पट्टीवर दोन्ही उरकतात ते या माणसांमुळं. ही माणसंही एका जागी टिकत नाहीत. लोहगावचे वारे, पावसाळ्यातली दृश्यमानता, कुठल्या डोंगराच्या रोखानं कुणाला खाली आणायचं नाही, हे शिकायला महिने जातात. आधी अनुभवी अधिकारी शेजारी बसतो, त्याच्या हातात रेडिओचं दुसरं बटण असतं. शिकाऊ चुकीचं वाक्य बोलू लागला की तो मधूनच तोडून स्वतः बोलतो. मग परीक्षा, मग एकट्यानं ड्यूटी. ही पात्रता त्या तळापुरतीच असते. दोन-तीन वर्षांत जोधपूरला किंवा बागडोगऱ्याला बदली होते, आणि कितीही अनुभव गाठीशी असला तरी तिथल्या टॉवरमध्ये पहिले दिवस पुन्हा कुणाच्या तरी शेजारी, शिकाऊच्या खुर्चीत बसावं लागतं.