इंग्रजीच्या तासाला झाडीपट्टी

महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. झाडीपट्टीत, भंडारा जिल्ह्यातल्या वर्गात ती येते तेव्हा तिथे आधीच बऱ्याच भाषा नांदत असतात. घरी झाडीबोली, कुठे पोवारी, कुठे गोंडी, कुठे हिंदी; शाळेत प्रमाण मराठी. मुलांच्या जगण्याला इंग्रजीच्या तासात जागाच नसेल, तर धडा पाठ होतो, इंग्रजी येत नाही.

हा प्रश्न फक्त आपला नाही. न्यूझीलंडमध्ये सिल्विया अ‍ॅश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांना छापील वाचनमालेऐवजी त्यांनी स्वतः मागितलेल्या शब्दांतून वाचायला शिकवलं. त्यांचं 'टीचर' हे पुस्तक १९६३ सालचं. अमेरिकेत रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मांडलं, की पुस्तकांत मुलांना दुसऱ्यांचं जग दिसावं, तसं स्वतःचंही दिसावं.

धड्यातल्या टॉमचा रमेश केला म्हणजे हे साधत नाही. धड्यात धानाची रोवणी आली पाहिजे. पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटायचे, पेंढ्या बांधायच्या, त्या बांधीत, म्हणजे शेतात, टाकायच्या, मग चिखलात वाकून ओळीनं रोवायचं. हा क्रम सहावीतल्या मुलाला तोंडपाठ असतो. तोच त्याला इंग्रजीत सांगायला लावला, तर क्रियापदं आपोआप कामाला लागतात. आजीची मुलाखत घ्यायची, आधी झाडीबोलीत जशीच्या तशी उतरवायची आणि मग इंग्रजीत न्यायची, हा याच्या पुढचा टप्पा. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचं एवढं काम करून ठेवलंय, की शिक्षकांना हाताशी सामग्री नाही असं म्हणता येणार नाही. दंडार, खडीगंमत ही लोकनाट्यं आहेत, कोहळी समाजानं बांधलेले तलाव आहेत, पवनीचे स्तूप आहेत. गोसेखुर्द धरणात गाव गेलेल्या घरांतल्या आठवणी आहेत. त्या मात्र हळुवारपणे विचारायला हव्यात.

आणि बाबासाहेब आहेत. १९५४ साली त्यांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' त्यांनी थेट इंग्रजीतच लिहिलं. त्यात १९०१ मध्ये वडिलांकडे निघालेले छोटे बाबासाहेब आणि सोबतची मुलं मसूर स्टेशनावर उतरतात. जात कळताच गाडीवाले त्यांना न्यायला तयार होत नाहीत. शेवटी दुप्पट भाडं घेऊनही एक गाडीवाला मुलांनाच गाडी हाकायला लावतो. हे गद्य साधं, नेमकं आहे आणि त्यातला लेखक तेव्हा नऊ वर्षांचा पोर आहे. नववीच्या वर्गात हा उतारा वाचला, तर इंग्रजी ही फक्त साहेबाची भाषा नाही, आपलं दुखणं जगापुढे ठेवायचीही भाषा आहे, हे वेगळं सांगावं लागणार नाही. सगळ्या जातींची मुलं एकत्र बसून हे वाचतील, तेव्हा शिक्षकानं चर्चा टाळू नये.

शेक्सपिअर, वर्ड्सवर्थ काढून टाका असं मी म्हणत नाही. आपलं लिहून झालेलं मूल त्यांच्याकडे जास्त धीटपणे जातं.

दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरेल. शिक्षकहो, सुट्टी संपली की मुलांकडून आपापल्या मंडईवर दहा वाक्यं इंग्रजीत लिहून घ्या, वर्गात मोठ्यानं वाचून घ्या आणि लाल पेन त्यानंतरच उचला.