घडीचा पडदा आणि कापसाचा तंतू

अकोट तालुक्यातील विद्यार्थ्याला कापूस म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. वेचणी, जिनमध्ये रुई व सरकी वेगळी होणे, गाठी बांधणे हे त्याच्या नेहमीच्या पाहण्यातले असते. पण सतरंजीसारखा गुंडाळता येणारा दूरचित्रवाणीचा पडदा या कापसातील द्रव्यावर उभारता येईल, असे म्हटले तर त्याला नवल वाटेल. ही कल्पना कितपत खरी आहे आणि घोडे कोठे अडते, ते आपण पाहू.

पडदा हा थरांचा बनलेला असतो. खाली आधार, त्यावर प्रत्येक प्रकाशबिंदूला चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर, विद्युतवाहक थर आणि प्रकाश देणारा थर. विजेने स्वतः उजळणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचे व्यवहार्य दीप टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केले. अशा दीपातील प्रकाश देणाऱ्या थरांची एकत्रित जाडी एका मायक्रोमीटरपेक्षाही कमी असते. म्हणजे वाकण्याला खरी आडकाठी या थरांची नसून आधाराची आहे.

हे गणिताने पटते. पट्टी वाकवली की तिचा बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो. हा ताण म्हणजे जाडी भागिले वक्रतेच्या त्रिज्येची दुप्पट. 0.7 मिलिमीटर जाडीची काच 10 मिलिमीटर त्रिज्येत वाकवायची तर ताण 3.5 टक्के येतो. काच त्याच्या कितीतरी आधीच फुटते. 0.05 मिलिमीटरच्या पापुद्र्यावर तोच ताण फक्त 0.25 टक्के असतो.

मग काचेऐवजी प्लास्टिक घ्यावे, हे ओघानेच आले. 2019 पासून बाजारात आलेले बहुतेक घडीचे दूरध्वनी याच वाटेने तयार झाले. पण पडदा मोठा होऊ लागला की उष्णतेने होणारे प्रसरण त्रास देते. अनेक सामान्य प्लास्टिके एका अंश सेल्सिअसला दहा लाखांत सुमारे 50 भाग प्रसरण पावतात. एक मीटर रुंदीचा पापुद्रा 100 अंशांनी तापला तर तो 5 मिलिमीटरने वाढेल. प्रकाशबिंदू मात्र मिलिमीटरच्या अंशाएवढा! वरचा थर खालच्या थरावर नेमका बसणार कसा? कमी प्रसरणाची खास प्लास्टिके आहेत, पण ती महाग पडतात.

येथे कापसाचा संबंध येतो. कापसाच्या तंतूत 90 टक्क्यांहून अधिक सेल्युलोज असते. हा तंतू सुमारे 15 ते 20 मायक्रोमीटर जाड असून तो त्याहून कितीतरी बारीक तंतुकांचा जुडगा असतो. या तंतुकांची जाडी काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. जपानच्या क्योटो विद्यापीठातील नोगी, यानो आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये लाकडातील 15 नॅनोमीटर जाडीच्या तंतुकांपासून पारदर्शक कागद बनवला. त्याचे प्रसरण दहा लाखांत 8.5 भागांहून कमी भरले, म्हणजे काचेच्या जवळपास.

पांढरा कागद पारदर्शक कसा होतो? साध्या कागदात तंतूंच्या मध्ये हवा असते. तंतू आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर प्रकाश विखुरतो, म्हणून कागद पांढरा दिसतो. वर्गात कागदावर गोडेतेलाचा थेंब टाकून पाहावा. तेल हवेची जागा घेते आणि तो ठिपका अर्धपारदर्शक होतो. तंतुकांच्या कागदात हे तेलाविनाच घडते. तंतुके घट्ट बसल्याने पोकळ्या जवळजवळ उरत नाहीत. उरल्या तरी त्या दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे 400 ते 700 नॅनोमीटरपेक्षा, फार लहान असल्याने प्रकाश फारसा विखुरत नाही.

विद्युतवाहक थरालाही असाच उपाय चालतो. नेहमीचा इंडियम-कथिल ऑक्साइडचा थर ठिसूळ असतो. त्याऐवजी चांदीच्या अतिसूक्ष्म तारांचे जाळे पसरले, तर रुईच्या पेळूप्रमाणे ते वाकले तरी तुटत नाही आणि मधल्या फटींतून प्रकाश जातो.

आता अडचणी. सेल्युलोज 200 अंशांच्या पुढे करपू लागते, म्हणून ट्रान्झिस्टर कमी तापमानात घडवावे लागतात. 2004 मध्ये होसोनो यांच्या गटाने इंडियम, गॅलियम व जस्त यांच्या ऑक्साइडाचे ट्रान्झिस्टर प्लास्टिकवर सामान्य तापमानात बनवून ही वाट मोकळी केली. दुसरी अडचण मोठी आहे. सेल्युलोज पाणी शोषते. पावसाळ्यात सुती कपडा लवकर का वाळत नाही, ते आठवावे. सेंद्रिय दीपाला तर पाण्याचे वावडे. त्याच्या आवरणातून एक चौरस मीटरमागे दिवसाला एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहून अधिक बाष्प जाऊ नये, असा दंडक मानतात. या वेगाने एक ग्रॅम पाणी आत जायला सुमारे 2740 वर्षे लागतील! त्यासाठी कागदावर ऑक्साइडांचे सूक्ष्म थर चढवावे लागतात, आणि मोठ्या क्षेत्रावर टाचणीच्या टोकाहून लहान छिद्रही चालत नाही. जेवढे क्षेत्र मोठे, तेवढी छिद्र राहण्याची शक्यता अधिक.

आपल्याकडे मुंबईच्या माटुंगा येथील केंद्रीय कापूस प्रौद्योगिकी अनुसंधान संस्था 1924 पासून कापसावर काम करते. तिथे 2015 मध्ये नॅनोसेल्युलोजचे प्रायोगिक संयंत्र सुरू झाले. कापसाचे आखूड तंतू हा त्याला चालणारा कच्चा माल आहे. सूतगिरणीला लांब धागा हवा असतो. आखूड तंतूला भाव कमी. तंतुकांसाठी मात्र लांबीला तेवढे महत्त्व नाही. कपाशी पिकवणाऱ्या प्रदेशाच्या दृष्टीने या विषयाचे मोल येथे आहे.

याचा अर्थ उद्या अकोटच्या रुईचे पडदे होतील असा नव्हे. प्रयोगशाळेतील तळहाताएवढा कागद आणि छापखान्यातील रिळासारखा अखंड, निर्दोष पट्टा यांत बरेच अंतर आहे. ते अंतर पाण्याचा प्रश्न सुटल्याशिवाय संपणार नाही. वरिष्ठ वर्गांत शिक्षकांनी ताणाचे आणि प्रसरणाचे गणित विद्यार्थ्यांकडून सोडवून घ्यावे, आणि मग विचारावे, की पाणी शोषणाऱ्या पदार्थाला पाण्यापासून राखायचे कसे? या प्रश्नाचे पूर्ण उत्तर अजून कोणाजवळ नाही, हेही त्यांना जरूर सांगावे.