नाव झाकलेला शोधनिबंध

साताऱ्याकडच्या एखाद्या महाविद्यालयातल्या प्राध्यापिकेने मोडी कागद वाचून अठराव्या शतकातल्या एका कसब्याच्या बाजारपेठेवर शोधनिबंध लिहिला, असं समजा. तो तिला ‘मॉडर्न एशियन स्टडीज’कडे पाठवायचा आहे. आशियाचा इतिहास, समाज, संस्कृती यांवरचं संशोधन छापणारं हे नियतकालिक केंब्रिजहून १९६७ पासून निघतं. पाठवण्याआधी तिला एक विलक्षण काम करावं लागतं. निबंधातून स्वतःला पुसून टाकायचं. नाव, हुद्दा, कॉलेज, ऋणनिर्देश सगळं काढायचं. ‘माझ्या आधीच्या लेखात मी दाखवलंच आहे’ अशी वाक्यंही बदलायची. संगणकातल्या फाइलला आपोआप चिकटलेलं नावसुद्धा खोडायचं.

मग संपादक तो निबंध त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे धाडतात. लेखिका कोण हे त्यांना माहीत नसतं आणि ते कोण हे तिला कळत नाही. या वाचनाचे त्यांना सहसा पैसेही मिळत नाहीत. तरी कुणीतरी संध्याकाळ खर्चून तिची एकेक तळटीप तपासतं. मला याचं फार अप्रूप वाटतं.

तपासणी किती बारीक असू शकते ते पाहा. मराठेशाहीच्या कागदांत शुहूर सन असतो. तो मृग नक्षत्राला, म्हणजे मे-जूनच्या सुमारास बदलतो. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारी उजाडला की ६०० मिळवावे लागतात. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, शुहूर सन ११६१ मधली. सरसकट ५९९ मिळवणारा ती १७६० मध्ये नेऊन ठेवेल! असा घसरलेला एक आकडा सगळा युक्तिवाद पाडू शकतो, आणि तो पकडायला त्या प्रदेशाचे कागद हाताळलेला माणूसच लागतो. म्हणून चांगला संपादक एक समीक्षक त्या मुलखाचा जाणकार निवडतो आणि दुसरा त्या शास्त्राचा, इथे आर्थिक इतिहासाचा.

ही पद्धत वाटते तितकी जुनी नाही. हेन्री ओल्डेनबर्गने १६६५ मध्ये लंडनला ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केलं, तेव्हा काय छापायचं ते मुख्यतः तोच ठरवी. रॉयल सोसायटीत समीक्षकांचे लेखी अभिप्राय आले ते १८३० च्या दशकात. अगदी १९३६ मध्येही, आपला निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू’ने छापण्याआधी परक्याला दाखवला म्हणून आइनस्टाइन संतापला आणि त्याने तो परत घेतला. समीक्षकाने दाखवलेली चूक मात्र खरी होती. पुढे तो निबंध दुसरीकडे छापून आला तेव्हा त्याचा निष्कर्ष बदललेला होता.

आपल्या प्राध्यापिकेला बहुधा काही महिन्यांनी उत्तर येईल. निबंध जसाच्या तसा स्वीकारला जाणं दुर्मीळ. ‘दुरुस्त करून पुन्हा पाठवा’ हे उत्तर वाचून अनेक नवे लेखक खचतात, पण ती खरं तर आनंदाची बातमी असते. मग प्रत्येक आक्षेपाला मुद्देसूद उत्तर लिहायचं: इथे बदल केला, इथे केला नाही, कारण हा कागद असं सांगतो. समीक्षक चुकतात, कधी आकसही धरतात. विषय फार छोटा असेल तर झाकलेलं नाव ओळखूही येतं. तरीही ज्या वाचनात पदवी, वय, आडनाव आणि गाव यांना कमीत कमी वजन असतं, असं दुसरं वाचन मला माहीत नाही. पैसे घेऊन आठवड्याभरात छापून देणाऱ्या नियतकालिकांच्या नादी लागलात तर नेमकं हेच हातचं जातं.

तुमच्याकडे असा निबंध तयार असेल तर आधी त्या नियतकालिकाचे अलीकडचे चार अंक वाचा, लेखकांसाठीच्या सूचना नीट पाहा आणि पाठवा. फक्त एका वेळी एकाच ठिकाणी. तोच निबंध दोघांकडे एकदम पाठवणं गैर मानतात.