शेकरूला रविवार नसतो

भीमाशंकर या एका नावाखाली दोन ठिकाणं नांदतात. एक बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेलं देवस्थान. दुसरं, १९८५ साली जाहीर झालेलं आणि पुणे, ठाणे, रायगड अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं सुमारे १३१ चौरस किलोमीटरचं वन्यजीव अभयारण्य. पहिल्याचं वेळापत्रक पंचांगात छापलेलं असतं. दुसऱ्याचं कुठंच छापलेलं नसतं, म्हणून लोक ते उसनं आणतात. पावसाळी सहलीचं लोणावळ्यावरून, प्राणी बघायचं ताडोब्यावरून आणि उरलेलं मुलांच्या शाळेच्या सुट्ट्यांवरून. ‘भीमाशंकरला कधी जावं?’ या प्रश्नाची जी उत्तरं एकमेकांना सांगितली जातात, ती बहुतेक अशीच दुसऱ्या जागेची असतात. त्यामुळे आधी काय बघायचंय ते ठरवावं आणि मग तारीख काढावी. आपण नेमका उलटा क्रम धरतो.

‘पावसाळा हाच खरा हंगाम’

धबधबे बघायचे असतील तर हो. जंगल बघायचं असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक वेळा धुकं बघायला मिळतं. सह्याद्रीच्या ऐन धारेवर, समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटरवर हे जंगल आहे. कोकणातून वर चढणारे ढग पहिल्यांदा इथंच अडतात. पुणे शहरात वर्षभरात सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. इथं त्याच्या चौपटीहून अधिक पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. मंचरला लख्ख ऊन, घोडेगावला भुरभूर, डिंभे धरण ओलांडून तळेघरच्या पुढं गेलं की गाडीचे दिवे दुपारी बाराला लावायचे, हा त्या रस्त्यावरचा नेहमीचा अनुभव. पुण्याचं हवामान बघून निघणाऱ्यांची इथं फसगत होते ती त्यामुळेच.

अशा पावसात शेकरू घरट्यात बसून राहतं, पक्षी गप्प असतात, पाणी सगळीकडे असल्यामुळे प्राण्यांना पाणवठ्यावर यायची गरज नसते. म्हणजे ‘वन्यजीव बघायला’ म्हणून जाणाऱ्याला हा वर्षातला सर्वांत रिकामा काळ. मात्र वन्यजीव म्हणजे फक्त केसाळ आणि चार पायांचे, असं मानलं तरच तो रिकामा. बेडूक, खेकडे, गोगलगायी, हिरवे चापडे, दगडांवरची शेवाळं, झाडांच्या खोडांवर उगवलेल्या वनस्पती, या सगळ्यांचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. त्यांच्यासाठी जाणारा माणूस दहा पावलांत तास काढतो आणि भिजून खुश होऊन परततो. त्याला धुक्याची अडचण होत नाही, कारण तो लांबचं बघतच नसतो.

एका बाबतीत मात्र मतभेदाला जागा नाही. खांडसहून, म्हणजे कर्जतच्या बाजूनं, वर येणाऱ्या दोन वाटांपैकी शिडी घाट ऐन पावसाळ्यात टाळावा. कातळावर लावलेल्या शिड्या, शेवाळलेले टप्पे आणि वरून येणारं पाणी. अनुभवी भटकेसुद्धा तेव्हा गणेश घाटाची लांबची वाट धरतात. अतिवृष्टीच्या काळात जिल्हा प्रशासन अशा ठिकाणी प्रवेशबंदीचे आदेश काढतं. ते निघाले आहेत का, हे निघण्याआधी पाहावं आणि निघाले असतील तर घरी बसावं. ३० जुलै २०१४ च्या सकाळी दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसं ज्या माळीण गावात गाडली गेली, ते याच आंबेगाव तालुक्यात आहे. या डोंगरांची माती पाणी किती धरते आणि कधी सोडते, याचा अंदाज तिथं जन्मलेल्यांनाही नेहमी येत नाही.

‘उन्हाळ्यात डोंगरात बघण्यासारखं काय असतं?’

हा गैरसमज मला सर्वांत जास्त खटकतो, कारण उत्तर अगदी उलटं आहे. फेब्रुवारी ते मे हा शेकरूचा काळ आहे. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी शेपटीसकट जवळजवळ मीटरभर लांब भरतो, तरी दाट पानोळ्यात सहज हरवतो. उन्हाळ्याच्या तोंडाशी पानगळीची झाडं विरळ होतात, उंच फांद्यांच्या बेचक्यांतली काटक्यापानांची गोल घरटी उघडी पडतात आणि आधी घरटं, मग त्याच्या आसपास मालक, असा शोध घेता येतो. एकाच शेकरूची एकाहून जास्त घरटी असतात, त्यामुळे दिसलेल्या प्रत्येक घरट्याखाली मान वर करून तासभर उभं राहण्यात अर्थ नाही. एखादं फळाला आलेलं झाड शोधावं आणि त्याच्याजवळ थांबावं. आंबा आणि जांभूळ जसजसे धरू लागतात, तसतसं ते काम सोपं होतं.

भीमाशंकरचं जंगल बरंचसं निमसदाहरित आहे. ताडोब्यासारखं ते उन्हाळ्यात खडखडीत होत नाही. अंजनीची झाडं ऐन उन्हात निळ्या-जांभळ्या फुलांनी खोडापासून भरून जातात. मेमध्ये आमरीचे तुरे फांद्यांवरून लोंबायला लागतात. दुपार मात्र तापते, आणि शेकरूही दुपारी फांदीवर पोट टेकून पडून असतं. त्याची धावपळ सकाळी आणि उन्हं कलल्यावर. पुण्याहून सकाळी आरामात निघून अकराला पोहोचणाऱ्यांना ‘काही दिसलं नाही’ असं वाटतं, त्यात महिन्याचा दोष नसतो. दोष घड्याळाचा असतो. आदल्या दिवशी मुक्कामाला जाऊन सात वाजता जंगलात असलेला माणूस बहुधा शेकरू बघूनच न्याहारीला बसतो.

जाता जाता, शेकरू हिवाळ्यात झोपी जात नाही. थंड देशांतल्या काही खारींविषयी वाचलेलं आपण इथं लावतो. आणि ते फक्त भीमाशंकरलाच दिसतं हेही खरं नाही. फणसाड, महाबळेश्वर, कोयना, आंबोलीपासून मेळघाटापर्यंत ते आहे. भीमाशंकरला ते दिसायला सोपं आहे, इतकंच.

उन्हाळ्याची एकच खरी भीती, वणव्याची. वाळलेलं गवत आणि सिगारेटचं थोटूक एवढं पुरतं.

‘काजवे बघायला पावसाळ्यात जायचं’

काजव्यांचा खेळ पावसाळ्याचा नाही, पावसाळ्याच्या उंबरठ्याचा आहे. वळवाच्या सरी पडून गेल्यावर मेच्या अखेरीस तो सुरू होतो आणि मोसमी पाऊस खरा जोर धरू लागला की विझत जातो. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर हजारोंनी बसलेले नर एका लयीत चमकतात. माद्या बऱ्याचदा खाली गवतात आणि झुडपांत असतात. प्रौढ काजव्याचं आयुष्यच मुळी काही आठवड्यांचं. त्याआधीचे कित्येक महिने त्यानं जमिनीवर आणि मातीत, गोगलगायींवर गुजराण करणारी अळी म्हणून काढलेले असतात.

आता यात तारीख कशी ठरवायची? मुंबईला मोसमी पाऊस पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे. पण २०२३ मध्ये तो २५ जूनला आला आणि २०२५ मध्ये २६ मेला. दोन वर्षांच्या अंतरात महिन्याचा फरक! महिनाभर आधी खोली राखून ‘जूनचा दुसरा शनिवार’ पक्का करणाऱ्याच्या हाती एखाद्या वर्षी झगमगाट लागतो आणि एखाद्या वर्षी नुसता चिखल. म्हणून काजव्यांसाठी जाणाऱ्यानं दिवस ठरवू नये, पंधरवडा मोकळा ठेवावा, आणि तिथल्या एखाद्या घरगुती मुक्कामवाल्याला फोन करून विचारावं, ‘झाडं पेटली का?’

गावाबाहेरच्या रस्त्यावर गाडीतून बघू, हाही बेत चुकीचा. गाडीचा दिवा, विजेरी, मोबाइलचा पडदा, या सगळ्यांनी नर-मादीचं प्रकाशाचं बोलणं तुटतं, आणि गवतात घुसलेल्या पायांखाली माद्या आणि पुढच्या वर्षाची अंडी जातात. गर्दी वाढल्यापासून रात्रीच्या प्रवेशावर वनखातं निर्बंध घालतं. भंडारदऱ्याच्या, म्हणजे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या भागातही हंगामात शुल्क आणि वेळेची मर्यादा असते. त्या त्या वर्षीचा नियम आधी विचारून घ्यावा. नियमांवर वैतागणारे बरेच भेटतात. माझं मत विचाराल तर ते अजून कडक असायला हरकत नाही.

‘पौर्णिमेची रात्र सर्वांत चांगली’

ही समजूत बुद्ध पौर्णिमेमुळे रुजली असावी. वैशाखातल्या त्या रात्री राज्यातल्या अनेक जंगलांत पाणवठ्याशेजारच्या मचाणांवर बसून प्राण्यांची नोंद केली जाते. उन्हाळ्यामुळे पाणी मोजक्याच ठिकाणी उरलेलं असतं आणि चांदण्यात ते दिसतं, म्हणून ती रात्र निवडलेली. काजव्यांना हेच चांदणं मारक, कारण त्यांची चमक त्यात फिकी पडते.

भीमाशंकरच्या प्रसिद्ध चमकणाऱ्या बुरशीचंही तसंच. मायसीना गटातली ही बुरशी भर पावसाळ्यात कुजक्या ओल्या लाकडावर उगवते आणि अंधारात मंद हिरवट उजळते. इथंही एक गैरसमज आहे, छायाचित्रांनी पसरवलेला. अख्खं जंगल हिरव्या दिव्यांनी उजळलंय अशी चित्रं बराच वेळ कॅमेऱ्याची झडप उघडी ठेवून काढलेली असतात. प्रत्यक्षात विजेरी बंद करून, डोळे अंधाराला सरावेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं गप्प उभं राहावं लागतं. मग एखाद्या ओंडक्यावर फिकट रेघ दिसते. बघितल्यावर नवल वाटतंच, पण चित्राची अपेक्षा घेऊन गेलेला माणूस आधी निराश होतो. काजवे आणि बुरशी, दोन्हींसाठी अमावास्येच्या आगेमागे जावं.

‘ताडोब्यासारखी सफारी असेलच’

नसते. जिप्सी नाही, वाघही नाही. बिबट्या आहे, पण तो रात्रीचा. भेकर, सांबर, पिसोरी, रानडुक्कर आहेत, आणि वीस पावलांपलीकडचं दिसत नाही इतकं जंगल दाट आहे. इथं भेकराचं भुंकणं ऐकू येणं हीच भेट समजायची. मोठा प्राणी बघायचाच असेल तर उन्हाळ्यात राधानगरीला जावं, गव्यांसाठी.

याच तुलनेतून दुसरी चूक होते. व्याघ्र प्रकल्पांचं गाभाक्षेत्र पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतं. ताडोब्याचं १ जुलै ते ३० सप्टेंबर. म्हणून भीमाशंकरही तेव्हा बंद असेल असं काहींना वाटतं. देवस्थान अभयारण्याच्या पोटात असल्यामुळे रस्ता बारमाही चालू असतो. पण रस्ता चालू म्हणजे जंगलातल्या सगळ्या पायवाटा खुल्या, असा अर्थ काढू नये.

‘श्रावण टाळला की गर्दी टळली’

कोणता श्रावण? आपला श्रावण आषाढी अमावास्येनंतर सुरू होतो. उत्तर भारतीयांचा त्याच्या पंधरा दिवस आधीच लागलेला असतो, आणि ज्योतिर्लिंगाच्या यात्रेला तिकडून येणारे भाविक कमी नाहीत. म्हणजे गर्दी दीड महिन्याची. अधिक श्रावण आला तर, २०२३ मध्ये आला होता, ती आणखी लांबते. महाशिवरात्रीची यात्रा निराळी, आणि ती नेमकी शेकरूच्या चांगल्या दिवसांत पडते. यांशिवाय वर्षातला प्रत्येक शनिवार-रविवार आहेच. जंगलासाठी जाणाऱ्यानं पंचांग बघावं ते मुहूर्तासाठी नाही, हे सगळे दिवस खोडून काढण्यासाठी. मंगळवार-बुधवारचं भीमाशंकर आणि रविवारचं भीमाशंकर यांतला फरक उन्हाळा-पावसाळ्याच्या फरकापेक्षा मोठा आहे, असं मी खुशाल म्हणेन.

मग पहिल्यांदा जाणाऱ्यानं कधी जावं?

पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, पठारांवर सोनकी आणि तेरडा असतो, धुकं उठतं आणि कोकणाचा कडा पायथ्यापर्यंत दिसतो. कारवी फुलायची असेल तर ती याच दिवसांत; पण तिच्या भरवशावर बेत आखू नये. साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच ती फुलते, बी धरून मरते, आणि प्रत्येक डोंगराचं तिचं वर्ष एकच असतं असंही नाही. मुंबईच्या बोरिवलीच्या जंगलात ती २००८ आणि २०१६ साली फुलली, म्हणून तोच हिशेब भीमाशंकरला लावता येत नाही. नोव्हेंबरपासून थंडी आणि स्थलांतरित पक्षी, तेही उत्तम.

तरी मला एकच आठवडा निवडायला सांगितला तर मी फेब्रुवारीतला निवडेन, महाशिवरात्रीच्या आधीचा, सोमवार टाळून. पहाटे गारठा असतो, पायवाटा कोरड्या असतात, शेकरू कामाला लागलेलं असतं, ओढ्यांत थोडं पाणी उरलेलं असतं. शक्य असेल तर वाटाड्या स्थानिक महादेव कोळी घरातला घ्यावा. जंगलात हिरडा गोळा करत वाढलेल्या माणसाला कोणतं झाड या आठवड्यात फळाला आलंय हे ठाऊक असतं, आणि शेकरूचा पत्ता तोच असतो. मुक्काम मंदिराजवळ न करता अलीकडच्या एखाद्या गावात केला, तर सकाळी सातला जंगलात पोहोचणं अवघड जात नाही.